ज्याची बातमी, त्याला आधी

कापगते काकांची बातमी यायची ती खाकी कागदावर. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला जो जाड कागद गुंडाळलेला असतो, तोच. गठ्ठा सोडला की काका तो फेकत नसत. मांडीवर ठेवून हाताने सपाट करायचे, चार घड्या घालून खिशात ठेवायचे आणि दिवसभरात जे हाती लागेल ते त्यावर लिहायचे. मग मोबाइलवर कागदाचा फोटो काढून मला पाठवायचे. फोटोत कधी चहाच्या कपाचा कान यायचा, कधी त्यांचा स्वतःचा अंगठा. कागदाच्या घडीत एखादी ओळ बुडालेली असायची आणि मला फोन करून विचारावं लागायचं, की काका, "यावेळी" आणि "यांनी" यांच्या मधे कोण आहे?

"सरपंच हाये," काका म्हणायचे. "राहू द्या घडीतच त्याले."

मी तेव्हा गोंदियाच्या कार्यालयात जिल्हा पानावर उपसंपादक होते. शेजारच्या फुलचूरहून दुपारी स्कूटीने यायचं, तालुक्या-तालुक्यातून आलेल्या बातम्या निवडायच्या, दुरुस्त करायच्या, मथळे द्यायचे आणि संध्याकाळी पान लावून मोकळं व्हायचं. काका नवेगाव बांधचे आमचे वार्ताहर. आणि एजंटही तेच. आमच्याकडे छोट्या गावात हे असंच असतं. जो बातमी लिहितो तोच सकाळी सायकलवर पेपर टाकतो. त्यामुळे आज ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्याच दारात उद्या पेपर घेऊन उभं राहावं लागतं. शहरातल्या पत्रकाराला हा धाक नसतो. मला तर नव्हताच. मी ज्यांच्याबद्दल मथळे द्यायचे त्यांतलं एकही माणूस मला रस्त्यात भेटणार नव्हतं.

काका उंच, वाळके. पांढरा शर्ट, खिशावर शाईचा कायमचा डाग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचे की फोन नसता तरी गोंदियाला ऐकू आलं असतं. आमचे ब्यूरो चीफ हिंदीतून म्हणायचे, यह आदमी मोबाइल का पैसा फालतू में देता है.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांचा प्रश्न. बातमीदार माणसाला नाव विचारतो, वय विचारतो, गाव विचारतो. काका विचारायचे, "काल झोपला कुठं?" कोणालाही. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला, जंगलातून मोहफुलं घेऊन आलेल्या बाईला, बाजारात ताडपत्री विकणाऱ्याला. एकदा तलावाच्या काठी कसलंसं उद्घाटन होतं आणि मोठे पाहुणे आले होते. काकांनी त्यांनाही तेच विचारलं. भोवतालच्या लोकांचे चेहरे पडले, पाहुणे मात्र हसून म्हणाले, नागपूरला, हॉटेलात. काकांनी बातमीत शेवटी लिहिलं, "पाहुण्यांचा आदल्या दिवशीचा मुक्काम नागपूर येथे हॉटेलात होता." मी ती ओळ कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच.

मी एकदा विचारलं, की हे खूळ कुठून आलं तुम्हाला? म्हणाले, नाव माणूस खोटं सांगू शकतो, वय तर आमच्याकडे कोणाला धड ठाऊक नसतं, पण काल झोपला कुठं ते सांगताना माणूस थांबला तर समजावं की बातमी तिथेच आहे. त्यांचं स्वतःचं लहानपणीचं गाव इटियाडोह धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं आणि ते चौथीत असताना काही महिने त्यांची शाळा आणि घर एकाच मांडवात होतं, हे मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. मला वाटलं, सापडलं कारण. विचारलं, तर काकांनी उडवूनच लावलं. "तसं काई नाही बाई. आमाले तं मज्जा वाटे." पुढे कधी त्यावर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

"बेघर" हा शब्द त्यांना आवडत नसे. मी एकदा मथळ्यात टाकला तर म्हणाले, ते लोक बेघर नाहीत, त्यांचं घर होतं आणि त्यांनीच ते मोडलं आहे. आणि खरंच तसं होतं. त्या वर्षी त्या भागात बऱ्याच जणांची घरकुलं मंजूर झाली होती. घरकुल मंजूर झालं की आधी जुनं घर पाडायचं, कारण जागा तेवढीच. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आज्याने बांधलेलं. लोकांनी उन्हाळ्यातच उतरवलं. कवेलू रचून ठेवले, लाकडं बाजूला काढली, पावसाळ्याआधी पक्क्या घरात जाऊ असा हिशेब. पाया खणला आणि रेती मिळेना. रेती नाही म्हणून जोतं नाही, जोत्याचा फोटो नाही म्हणून पुढचा हप्ता नाही. तोवर आभाळ भरून आलं. मग कोणी भावाच्या ओसरीत, कोणी समाजमंदिरात, कोणी ताडपत्रीखाली. सरकारी कागदावर ही सगळी घरवाली माणसं होती. त्यांच्याकडे मंजुरीचं पत्र होतं.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून झालं आहे, तेवढं पुरे.

नवेगाव बांधपासून सायकलने अर्ध्या तासावरचं गाव. काका तिथल्या शाळेत पेपर टाकायला गेले तेव्हा सातवीच्या वर्गाबाहेर एक मुलगी उभी होती. गुरुजी म्हणाले, विज्ञानाची वही कुठे विचारलं तर म्हणते वासराने खाल्ली, रोज नवा बहाणा. वर्ग आतून हसत होता. काकांनी पेपर दिला आणि जाता जाता तिच्याजवळ थांबले.

"काल झोपली कुठं, बाई?"

ती थांबली. मग म्हणाली, "कोठ्यात."

"कोनाच्या?"

"आमच्याच."

कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. मधल्या सुट्टीत काका तिच्याबरोबर गेले. गोठ्याच्या एका अंगाला गाय आणि वासरू, मधे आईचं जुनं लुगडं आडवं बांधलेलं, दुसऱ्या अंगाला चूल, ट्रंक, चार माणसं. माणसांच्या बाजूला वरून गळायचं म्हणून तिने दप्तर कोरड्या बाजूला, गाईच्या खुंटीला टांगलं होतं. वासराने रात्रीतून वही ओढून निम्मी खाल्ली होती. उरलेली वही काकांनी हातात घेऊन पाहिली. पचनसंस्थेची आकृती तेवढी शाबूत होती.

त्या दुपारी खाकी कागद आला. बातमी साधी होती. घर मोडलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकं कशी भिजतात, अभ्यासाला जागा कशी नाही, शाळेत त्यांचं कोणी खरं कसं मानत नाही. सोबत तीन फोटो. एक गोठ्याचा, एक खुंटीला टांगलेल्या दप्तराचा, आणि एकात ती मुलगी, अर्धी वही हातात धरून, वासराकडे बघून थोडी हसत. कागदाच्या तळाशी काकांनी लिहिलं होतं, "मुलीचे नाव व चेहरा छापू नये. वर्गातील मुले चिडवतील."

मी वाचलं. आणि तो फोटो चार कॉलम लावला. "वासराने खाल्ली वही!" असा मथळा दिला. फोटोओळीत मुलीचं नाव, इयत्ता, गाव. त्यात पचनसंस्थेच्या आकृतीचाही उल्लेख केला, कारण तो मला फार आवडला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा दबाव नव्हता. चेहऱ्याशिवाय ही बातमी कोण वाचणार, एवढाच विचार मी केला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात कौतुक झालं. फोटो मोबाइलवरून या गटातून त्या गटात फिरत राहिला. मला परत तीन जणांनी पाठवला.

गावात काय झालं ते मला हळूहळू कळलं. ती वर्गात शिरली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हंबरलं. मग सगळे हंबरले. ती मधल्या सुट्टीपर्यंत बसली, मग उठून गेली. दप्तर तसंच बाकावर. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तेवढ्यात शहरातून मदतीची मंडळी आली. नवं दप्तर, डझनभर वह्या, बिस्किटांचे पुडे. तिच्या आईला मधे उभं करून फोटो काढले. मुलगी भाताच्या तणसाच्या ढिगामागे जाऊन बसली होती, ती ते गेल्यावरच बाहेर आली. सातवीच्या पुढे तिला पाठवायचं की नाही यावर घरात आधीच दोन मतं होती. आता एकच उरलं.

काकांचा मला फोन आला तो बातमी आली त्याच दिवशी. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"बाई, खालची ओळ दिसली नाही का?"

मी म्हणाले, "घडीत गेली असेल, काका."

खोटं बोलले ती मी, वसुधा नागपुरे, त्या वेळची जिल्हा पानाची उपसंपादक.

मग काका म्हणाले, "हो. घडीतच गेली असन. मंग चूक माही. घडी पाहून लिवाले पायजे होतं."

त्या कागदाचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. ती ओळ घडीपासून चार बोटं खाली आहे. अक्षर ठळक आहे, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. मूळ कागद त्यांच्याजवळच होता, तेव्हा त्यांनाही हे दिसत असणारच. पण त्या दिवसानंतर त्यांचा कागद यायचा तो बिनघडीचा, गुंडाळी करून आणलेला आणि फोटो काढताना दोन्ही टोकांना दगड ठेवलेला. मला ते दगड बघवत नसत.

काका गोठ्यावर गेले. मुलीच्या बापाने तोंडाला येईल ते सुनावलं. आई एवढंच बोलली, "घर मोडलं तं मोडलं, भाऊ. लुगडं बांधून, तणीस लावून आमी झाकून राहून राहिलो होतो. तुमी साऱ्या दुनियेले दाखवून देल्लं."

यावर काकांनी पेपरच्या कार्यालयाचं नाव काढलं नाही. माझं तर नाहीच. म्हणाले, चूक माझी आहे. आणि मला म्हणाले, खुलासा छापता येईल का? मी चीफना विचारलं. ते म्हणाले, बातमीत चूक काय आहे? सगळं तर खरं आहे. खुलासा कशाचा करणार? आणि नियमाने ते बरोबर होतं. खऱ्या बातमीचा खुलासा छापायची पद्धत आमच्याकडे नाही.

मग काकांनी जे केलं ते एजंट असलेला वार्ताहरच करू शकतो. त्या गावात आमचे एकोणीस पेपर जायचे. कोणाकडे जातात ते त्यांना तोंडपाठ होतं. सायकल घेऊन ते दारोदार गेले आणि त्या दिवसाचा पेपर परत मागू लागले. ग्रामपंचायतीतून, न्हाव्याच्या दुकानातून, मच्छीमारांच्या संस्थेतून. शाळेच्या फलकावर मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने कात्रण लावलं होतं, तेही टाचण्या काढून घेतलं. गावाला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. फोटो तर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता. पण ते कोणाशी वाद घालत बसले नाहीत. संस्थेत कोणीतरी विचारलं, काऊन वापस नेऊन राहिले, बातमी खोटी होती का?

"खरी होती," काका म्हणाले. "पन आपली नव्हती."

सतरा मिळाले. ते दोरीने बांधून त्यांनी गोठ्यावर नेले आणि मुलीच्या पुढ्यात ठेवले. पुढचं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

"ही तुही बातमी," काका म्हणाले. "दोन नाही भेटले. एकात भजे बांधून गेले, अना एक पेपर पाव्हण्यानं नागपूरले नेला."

तिने गठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वासराले टाकू का?"

"टाक. पन त्याचं पोट दुखलं तं मले पुन्हा बातमी लिवा लागन."

ती हसली नाही. काकांना वाटलं होतं हसेल. तिने विचारलं, "लिवून झाल्यावर मले काऊन नाही वाचून दाखवलं?"

काका मला म्हणाले, इतकी वर्षं लिहितो आहे बाई, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मलाही सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली. काकांच्या सांगण्यावरून गुरुजी स्वतः गोठ्यावर जाऊन आले, वासरू बघून आले, आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले की वहीचं खरं होतं आणि बाहेर उभं करण्यात माझं चुकलं. असं म्हणणारे गुरुजी फार नसतात. हंबरणं थांबलं. पण गुरुजींनी नंतर एकदा काकांना सांगितलं, की पोरगी आधी प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची, आता विचारलं तरच बोलते. ते तेव्हा गेलं ते गेलंच. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा मी विषय बदलला. काही तरी बोलायला हवं होतं, मी इटियाडोहच्या पाण्याची बातमी कधी पाठवता ते विचारलं.

तेव्हापासून काकांचा नेम सुरू झाला, तो शेवटपर्यंत. ज्याची बातमी, त्याला आधी वाचून दाखवायची. कागद घेऊन ते त्या घरी जायचे, खाली बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. छापील मराठी कळली नाही तर आपल्या बोलीत सांगायचे. ते माणूस म्हणेल ते काढायचे. आमच्याकडे बातमी उशिरा यायची, कधी अर्धी यायची, चीफ चिडायचे. बातमी कोणाला विचारून देतात का, म्हणायचे. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटायची आणि मी गप्प बसायचे.

त्याच पावसाळ्यात त्यांची ती दुसरी बातमी आली. मी इतकी वर्षं पानं लावली, त्यांतली ती मला सगळ्यात जास्त आठवते. तिला ना फोटो होता, ना कोणाचं नाव. गावातल्या घर मोडलेल्या कुटुंबांची शाळकरी मुलं संध्याकाळी दप्तर कुठे ठेवतात, एवढंच त्यात होतं.

"एक दप्तर समाजमंदिरातील घंटेच्या साखळीला असते. एक ताडपत्रीच्या बांबूला असते व वारा आल्यास हलते. दोन भावांचे एकच दप्तर आहे, ते आईच्या उशाखाली असते. एक दप्तर गाईच्या खुंटीपासून हलवून आता उंच लाकडावर आहे, तेथे वासराचे तोंड पोचत नाही. एक दप्तर कोठे असते ते छापू नये असे त्या घरच्यांनी सांगितले आहे."

शेवटची ओळ एका आईमुळे आली होती. ते कुटुंब नणंदेच्या घरी राहत होतं आणि पेपरात आलं तर नणंदेला घालून पाडून बोलल्यासारखं वाटेल, अशी तिला भीती. काकांनी ते काढलं, पण मला बजावून सांगितलं, की काढलं आहे हे मात्र छापा. गाईच्या खुंटीची ओळ त्या मुलीने स्वतः दुरुस्त करून दिली होती. काकांनी आधी "आता उंच ठेवले आहे" एवढंच लिहिलं होतं, वासराचं तोंड पोचत नाही हे तिने घालायला लावलं.

मी ती बातमी एका अक्षराचीही काटछाट न करता लावली. आतल्या बाजूला, एक कॉलम, साधा मथळा. तिचं कौतुक झालं नाही, ती कोणी मोबाइलवर फिरवली नाही. पण ज्या गावाची होती तिथे ती वाचली गेली. मुख्याध्यापकांनी जुनी सामानाची खोली रिकामी करून फळ्या ठोकून घेतल्या आणि सांगितलं, ज्यांना हवं त्यांनी दप्तर शाळेतच ठेवावं, शाळा सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत ओसरीत बसून अभ्यासही करावा. मी काकांचं अभिनंदन केलं.

"कायचं अभिनंदन?" ते म्हणाले. "घर नाही बांधलं बातमीनं. दप्तर वाळलं."

घरं व्हायची तेव्हा झाली. रेती सुरू झाली, हप्ते आले, एकेकाचं जोतं वर आलं. त्या मुलीला घरात जायला आणखी एक पावसाळा गोठ्यात काढावा लागला. काका रोज सकाळी तिथून जाताना सायकल हळू करायचे आणि ओरडून विचारायचे, काल झोपली कुठं? ती तिकडून ओरडायची, कोठ्यात. आधी रागाने, मग सवयीने. ते का विचारतात हे तिला सुरुवातीला कळत नव्हतं, असं काकाच सांगायचे. उत्तर तर त्यांना ठाऊकच होतं.

काकांची आणि माझी प्रत्यक्ष भेट शेवटची झाली ती नवेगावच्या बसथांब्यावर. मी दुसऱ्याच कामाला गेले होते. ते एका पायावर भार देऊन उभे होते आणि गठ्ठा उतरवून घ्यायला एका ओळखीच्याला हाका मारत होते, कारण त्यांना आता वाकवत नव्हतं. मी म्हणाले, काका, मला तुम्हाला एक सांगायचं आहे, त्या ओळीबद्दल. त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, खाकी कागद मोकळा केला, झटकला आणि गुंडाळी करून काखेत मारला. मग म्हणाले, "मले कायले सांगता बाई? ते माही बातमी नाही."

पुढे कोणाकडे जायचं ते त्यांनी सांगितलं होतं, आणि मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. हिवाळ्यात काका गेले. आमच्या पानावर दोन इंची बातमी आली, तीही मी लिहिलेली नाही, मी तोवर नोकरी सोडली होती. ती आधी वाचून दाखवायला, ज्यांची बातमी तेच उरले नव्हते.

म्हणून हा मजकूर लिहून झाल्यावर मी कुठेही पाठवला नाही. कागद घेतले आणि त्या गावी गेले. मुलगी सातवीवर थांबली नाही, आता बारावीत आहे. पक्क्या घराच्या ओसरीत आम्ही बसलो. आई तांदूळ निवडत होती. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सरपंचाच्या घडीला दोघी हसल्या. मथळ्यापाशी आईचा हात सुपात थांबला. "घडीत गेली असेल, काका" हे मी इतकं हळू वाचलं की मला ते पुन्हा वाचावं लागलं. वाचून झालं. आई उठून आत गेली. मला वाटलं, आता परत येणार नाही. मला रडू येत होतं आणि तिथे रडायचा मला अधिकार नाही हेही कळत होतं.

मुलगी म्हणाली, "काकानं शेवटलोक सांगतलं नाही. चूक माहीच, म्हणे."

मी म्हणाले, जे काढायचं असेल ते सांग, काढते. सगळंच नको असेल तर फाडून टाकते.

तिने कागद हातात घेतले आणि एकेक पान पुन्हा पाहिलं. "काढू नका काई," ती म्हणाली. "पन तवा माहं नाव टाकलं होतं नं? आता तुमचं टाका. मी खोटं बोलली, एवढंच लिवलं तुमी. कोन बोलली ते नाही लिवलं."

मी पेन काढून तिच्यासमोर नाव घातलं. वर ते आहे. तोवर आई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसली. माझ्याकडे बघितलं नाही. तो चहा मी प्यायले.

निघताना मुलगी म्हणाली, एक राहिलं आहे, ते घाला. बसथांब्यावरची भेट तुमची शेवटची, माझी नंतरची आहे. मग तिने सांगितलं, ते तिच्या शब्दांत बसेल तेवढं लिहिते.

नव्या घरात ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. त्या वेळी ते गावात पेपर टाकत नव्हते, पायाने जमत नव्हतं, पण त्या दिवशी आले. सायकल हातात धरून, चालत. ती नव्या दारात उभी होती. गोठ्यात एकटी गाय होती, वासरू मोठं होऊन कधीच विकलं गेलं होतं. काकांनी सायकल थांबवली आणि नेहमीसारखं, पण हळू आवाजात विचारलं, "काल झोपली कुठं?"

ती म्हणाली, "घरात."

काकांनी खिशातून खाकी कागद काढला, चष्मा लावला, पेन उघडलं. मग पेन बंद करून परत खिशात लावलं.

"मंग आता तुही बातमी नाही," ते म्हणाले, आणि सायकल वळवून निघून गेले.